खेळाचे नियम लिहिणारी माणसं

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी, टोकांना आरसे आणि मधून धावणारा लेसर असं हे यंत्र आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान हालचाल मोजायची असल्यामुळे जमिनीची थरथर कमीत कमी असलेली जागा हवी होती.

अशा यंत्रावर एक व्हिडिओ गेम आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या गटाने तो बनवला, नाव 'स्पेस टाइम क्वेस्ट'. खेळणारा त्यात प्रकल्पाचा प्रमुख होतो. हाती ठरावीक बजेट असतं. वेधशाळा कुठे बांधायची, निर्वात पोकळीवर किती खर्च करायचा, आरसे कसे टांगायचे, लेसर किती शक्तीचा घ्यायचा हे त्याने ठरवायचं. आरशांवर पैसा ओतला की पंपांना कमी पडतो. शेवटी यंत्र सुरू होतं आणि तुमची वेधशाळा विश्वात किती दूरवरचं टिपू शकते यावर गुण मिळतात.

या संशोधकांना पदार्थविज्ञान येतच होतं. खेळ करण्यासाठी त्यांना वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधावी लागली. खऱ्या वेधशाळेत हजारो निर्णय असतात, त्यातले मोजके कोणते खेळणाऱ्याच्या हाती ठेवायचे? चुकीच्या निर्णयाची किंमत त्याला केव्हा आणि कशी कळू द्यायची? पहिल्या फेरीत हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटेल इतकंच अवघड कसं ठेवायचं? हे प्रश्न सोडवणं म्हणजेच गेम डिझाइन. जगभरात हजारो माणसं हे काम पगार घेऊन करतात, आणि आपल्याकडे या कामाविषयी भलतेच समज आहेत.

हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा सेनगावच्या घरात एखाद्या मुलीने किंवा मुलाने "मला गेम डिझायनर व्हायचंय" म्हटलं, तर वडिलांना वाटतं, याला दिवसभर मोबाइल खेळायचाय. मामाला वाटतं, चित्रकलेचा कोर्स करायचाय. शेजारच्या इंजिनिअर दादाला वाटतं, कोडिंग शिकायचंय. यातलं काहीच पूर्ण बरोबर नाही. गेममधली पात्रं, डोंगर, देवळं काढतो तो आर्टिस्ट. ती पडद्यावर हलवणारा कोड लिहितो तो प्रोग्रॅमर. आवाज वेगळा माणूस करतो, चुका शोधणारे टेस्टर वेगळे, आणि वेळापत्रक सांभाळणारा प्रोड्यूसर वेगळा. डिझायनर नियम लिहितो. खेळणारा काय करू शकतो, काय करू शकत नाही, केल्यावर काय होतं आणि त्यामुळे त्याला काय वाटतं, एवढी त्याची जबाबदारी. ऐकायला हे थोडं वाटतं, पण सगळा खेळ यावरच उभा असतो.

हे समजायला संगणक लागत नाही. साप-शिडीचा पट घ्या. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, आणि तो ज्ञानेश्वरांनी रचला असं मराठी परंपरा सांगते. ज्या संतमंडळींशी हा पट जोडला जातो, त्यातले नामदेव परंपरेने आपल्या नर्सीचे आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे. तेव्हा खेळ रचणं ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असं या जिल्ह्याने तरी मानू नये. मराठवाड्यातच वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत.

मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या वर नेतात आणि दुर्गुणांचे साप खाली ओढतात. जुन्या भारतीय पटांवर सापांची संख्या शिड्यांपेक्षा जास्त असे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेला, आणि तिथल्या पटांवर दोन्ही बरोबरीत आणले गेले. शिड्या वाढवायच्या की साप, हा नुसता आकड्यांचा बदल दिसतो. पण एक पट सांगतो की मोक्ष कठीण आहे, आणि दुसरा सांगतो की चांगल्या-वाईटाचा हिशेब सारखाच असतो. एक शब्द न लिहिता रचनाकार मत मांडून जातो.

या पटात एक उणीव आहे. खेळणारा काहीच ठरवत नाही. फासा पडतो, सोंगटी सरकते. लहान मुलांना एवढं पुरतं, पण दहा-बारा वर्षांची मुलं कंटाळतात. डिझायनर इथे काय करेल ते पायरी-पायरीने पाहू, कारण या धंद्याचं खरं शिक्षण इथेच आहे.

पहिला बदल असा: एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यातला एक निवडायचा. आता ठरवायला काहीतरी आलं. पण थोडं खेळलं की लक्षात येतं, निवड नावापुरती आहे. एका फाशाने साप लागतो, दुसऱ्याने शिडी मिळते, मग कोण साप घेईल? उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो निर्णय उरत नाही.

दुसरा बदल: आपण न निवडलेला फासा समोरच्याला मिळेल. समजा मी २४ वर आहे आणि समोरचा ६१ वर. फासे पडले ५ आणि ३. मी ५ घेतले तर २९ वर पोचतो, तिथे शिडी आहे, थेट ५० वर जातो. पण उरलेले ३ समोरच्याला मिळतात, तो ६४ वर जातो आणि तिथली शिडी त्याला ९० वर नेते. मी ३ घेतले तर जेमतेम २७ वर पोचतो, पण त्याला ५ घ्यावे लागतात. तो ६६ वर जातो, तिथे सापाचं तोंड आहे, आणि तो १८ वर येऊन पडतो. एकीकडे मी ५० वर आणि तो ९० वर. दुसरीकडे मी २७ वर आणि तो १८ वर. आता खेळणारा थांबतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. पटावरची पुढची घरं मोजतो. तोच पट, तेच साप, त्याच शिड्या, पण एका वाक्याच्या नियमाने खेळ बदलला.

मग तिसरी अडचण येते. प्रत्येक जण दुसऱ्याला खाली ओढण्यातच रमतो आणि डाव संपता संपत नाही. यावर पट शंभरावरून छत्तीस घरांवर आणून पाहावा, साप कमी करून पाहावेत, तिघं खेळत असतील तर उरलेला फासा नेहमी डावीकडच्यालाच द्यावा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा खेळवायचं, वहीत लिहायचं. बदल एका वेळी एकच करायचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. या खेळवून पाहण्याला धंद्यात प्लेटेस्ट म्हणतात. नवा माणूस खेळत असताना डिझायनरने गप्प बसायचं असतं, आणि ते फार जड जातं. "अरे, तसं नाही, इकडून जा" असं ओठावर आलेलं गिळावं लागतं, कारण गेम लोकांच्या फोनवर गेल्यावर समजावून सांगायला डिझायनर शेजारी नसतो.

समजावून न सांगता शिकवण्याचा उत्तम नमुना म्हणून 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या टप्प्याचं नाव घेतात. १९८५ चा हा गेम शिगेरू मियामोतो यांनी रचला. पडद्याच्या डाव्या कडेला मारिओ उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा. कुणी न सांगता माणूस उजवीकडे निघतो. समोरून एक प्राणी चालत येतो, त्याला धडकलं की मरण, म्हणून दुसऱ्या वेळी उडी मारली जाते. वर प्रश्नचिन्हाची वीट दिसते, तिला डोकं लागतं आणि आतून एक मश्रूम निघतं. ते उजवीकडे घसरत जातं, पाइपला आपटतं आणि उलट आपल्याकडे येतं. वर विटा असल्यामुळे त्याला चुकवणं अवघड. ते अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो. हे मश्रूम चांगलं असतं हे कळलं. पाइप त्या जागी मुद्दाम ठेवलेला आहे. मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे नावाच्या लहान गावात वाढले, आणि तिथल्या रानात, गुहांत भटकण्याच्या आठवणींतून 'झेल्डा' ही मालिका सुचल्याचं त्यांनी सांगितलेलं आहे.

हाताला जाणवणारी बारीक कारागिरी आणखी वेगळी. धावत जाऊन कड्यावरून उडी मारायचे गेम तुम्ही खेळला असाल. पाय कड्यावरून सुटला की नियमाप्रमाणे पात्र खाली पडायला हवं. पण माणसाचं बोट थोडं उशिरा पडतं आणि त्याला मात्र वाटतं, मी वेळेवर दाबलं होतं. म्हणून बरेच डिझायनर कडा संपल्यानंतरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत उडी मान्य करतात. याला 'कोयोटी टाइम' असं नाव आहे, हवेत क्षणभर लटकून मग पडणाऱ्या कार्टूनमधल्या प्राण्यावरून. खेळणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला फक्त गेम न्यायाने वागतो असं वाटतं. 'टेट्रिस'च्या आजच्या आवृत्त्यांत तसंच आहे. पुढची वीट निव्वळ नशिबाने येत नाही. सातही प्रकारच्या विटांचा एक गठ्ठा पिसला जातो, तो संपला की नवा. त्यामुळे हवी असलेली लांब काठी फार काळ हुलकावणी देत नाही. अगदी खरं नशीब माणसाला अन्यायाचं वाटतं, हे डिझायनरला ठाऊक असतं.

मोठ्या स्टुडिओत या कामाच्या वाटण्या होतात. लेव्हल डिझायनर जागा रचतो: भिंत कुठे, आडोसा कुठे, कोणत्या वळणावर पहिल्यांदा किल्ला दिसेल. सिस्टिम डिझायनर लढाई, प्रवास, हवामान यांचे नियम एकमेकांशी जुळवतो. नॅरेटिव्ह डिझायनर गोष्ट खेळणाऱ्याच्या कृतीतून उलगडेल असं पाहतो. आणि इकॉनॉमी डिझायनर नाणी, बक्षिसं, किंमती यांचा हिशेब ठेवतो, त्याचं बरंचसं काम स्प्रेडशीटमध्ये चालतं. वाणिज्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला आकड्यांची गोडी आहे, त्याला या खुर्चीत बसायला कुणी आडकाठी केलेली नाही. आपल्याकडे मात्र गेम म्हटलं की ॲनिमेशनच्या वर्गाचीच जाहिरात पुढे केली जाते, आणि हा दरवाजा मुलांना दाखवलाच जात नाही.

आपल्या मातीतला एक खेळ रचून पाहू. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा खेळणाऱ्याला वसमत तालुक्यात दोन एकर दिले. बेणं घरचं वापरायचं की विकत आणायचं? मे-जूनमध्ये लागवड, मग आठ-नऊ महिने पाणी, खत, तण. काढणीनंतर हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. वाळत घातली असताना अवकाळीचे ढग आले तर? ताडपत्र्या आणि मजूर यांवर आज खर्च करायचा की पाऊस हुकेल यावर भरवसा ठेवायचा? हळद पुरती वाळली की नाही, हे हळकुंड मोडल्यावर येणाऱ्या खणखणीत आवाजावरून शेतकरी ओळखतो. गेममध्ये हाच आवाज ठेवता येईल. कच्चं हळकुंड मोडलं तर दबका, वाळलेलं मोडलं तर खणखणीत. खेळणाऱ्याने कानाने ठरवायचं, पडद्यावर टक्केवारी दाखवायची नाही.

खरी गंमत मोंढ्यावर आहे. माल आज लिलावात लावायचा की गोदामात ठेवून भाव वाढायची वाट पाहायची? इथे डिझायनरला फार नाजूक निर्णय घ्यावा लागतो. भाव निव्वळ नशिबावर सोडला तर खेळणारा म्हणेल, माझ्या हातात काय आहे? भाव ठरलेल्या वेळी वाढत असेल तर दुसऱ्या फेरीत गुपित फुटेल. मधला रस्ता काढावा लागतो: सांगली, निजामाबाद, इरोड या बाजारांतली आवक दर आठवड्याला थोडी थोडी दाखवायची, त्यावरून अंदाज बांधायचा. शिवाय मानेवर कर्जाच्या हप्त्याची तारीख. थांबलं तर जास्त मिळेल हे दिसत असूनही थांबता येत नाही, ही शेतकऱ्याची अवस्था खेळणाऱ्याला दहा मिनिटांत उमजेल. हळद पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला यातले बारकावे ठाऊक आहेत. बेंगळुरूच्या स्टुडिओला ते शोधत यावे लागतील.

शेतीवर कोण गेम खेळणार, असं वाटत असेल तर 'स्टारड्यू व्हॅली' आठवा. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून, चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः करून तो बनवला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एकट्याने असं यश मिळवणारे फार विरळे आहेत आणि त्याच्या भरवशावर कुणी नोकरी सोडू नये. शेती हा विषय जगभरातले लोक आवडीने खेळतात, एवढं मात्र त्यातून पक्कं कळतं.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पुण्या-मुंबईत चालतं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा मला त्यातला सर्वात मोलाचा प्रयत्न वाटतो. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग या तिघांनी हा स्टुडिओ काढला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघते. तिच्या कसरती हाच तिच्या लढण्याचा नियम आहे. भिंतीवर धावणं, खांबाला गिरकी घेणं आणि तिथूनच वार करणं. म्हणजे पात्र कोण आहे हे तिच्या हालचालीतूनच कळतं. पडद्यावरची चित्रं पहाडी शैलीवरून आणि गोष्ट सांगणारे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांवरून घेतलेले. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निंटेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बनलेल्या गेमचं नाव जगाच्या त्या मंचावर घेतलं गेलं, हे आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापायला हवं होतं.

पुण्यातच सुपरगेमिंग ही कंपनी आहे, 'मास्कगन' आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'इंडस' हे त्यांचे गेम. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, मुंबईत २०१८ पासून. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्याने करण्याचं काम या दोन स्टुडिओंकडे असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रिअलला हलवण्यात आलं. परदेशी कंपनीत काम शिकायला भरपूर मिळतं, मोठ्या टीममध्ये वागायची शिस्त लागते, पण शेवटचा शब्द दुसऱ्या देशात ठरतो, हे धरून चालावं लागतं. नवी मुंबईच्या गेमेशनचा 'लुडो किंग' आणखी वेगळा. विकाश जयस्वाल यांच्या या कंपनीने २०१६ मध्ये तो आणला. लुडोचे नियम नवे नव्हते. दूर असलेल्या घरच्यांना, मित्रांना एका पटावर बसवणं हे त्यातलं डिझाइन, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्याची किंमत घराघरांत कळली.

आणि गुजरातमध्ये वापीजवळच्या चला या लहानशा गावातून 'स्टुडिओ ओलिओमिंगस' चालतो. ध्रुव जानी आणि त्यांचे साथीदार वसाहतकाळाचा इतिहास, विसरलेली पुस्तकं, स्मृती यांवर विलक्षण सुंदर छोटे गेम करतात, आणि ते परदेशातल्या प्रदर्शनांतून मांडले जातात. हिंगोलीच्या मुलांना मी पुण्यातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीआधी हे उदाहरण सांगेन.

आता शिकायचं कसं? बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही परीक्षा असते, ती आयआयटी मुंबई घेते. कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या कॉलेजांत सांगितली जाते. पदव्युत्तर शिक्षणासाठी सीईईडी. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो बेंगळुरू केंद्रात चालतो. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. या पैशातला काही भाग नांदेड, परभणी, हिंगोलीच्या प्रयोगशाळांपर्यंत पोचावा, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी आतापासून मागणी लावून धरायला हवी.

खासगी क्लासच्या बाबतीत पालकांनी सावध राहावं. "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेल्या फलकाखाली लाखांत फी सांगितली जात असेल, तर एकच गोष्ट मागावी: मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेले गेम दाखवा, आम्ही इथेच बसून खेळून बघतो. दाखवता आले नाहीत तर उठून यावं.

अवजारं फुकट मिळतात. गोडो हे गेम इंजिन अर्जेंटिनाच्या दोन प्रोग्रॅमरांनी बनवलं आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. साध्या जुन्या लॅपटॉपवरही द्विमितीय गेमसाठी ते चालतं. युनिटी आणि अनरिअल ही दोन मोठी इंजिनं शिकणाऱ्यांना विनाशुल्क वापरता येतात. 'राजी' अनरिअलवर झाला. गेम लोकांपुढे ठेवायचा तर इच.आयओ या संकेतस्थळावर पैसे लागत नाहीत. गुगल प्लेवर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर.

मराठीत गेम करणाऱ्याला एक अडचण हमखास येते. काही इंजिनांच्या नेहमीच्या मजकूर-व्यवस्थेला देवनागरीची जुळणी जमत नाही. 'हिंगोली' लिहिलं की पहिली वेलांटी ह च्या डावीकडे जायला हवी, ती उजवीकडे जाऊन बसते. जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. कित्येक हौशी मुलं इथे वैतागून गेम इंग्रजीत करून टाकतात. २०२३ मध्ये आलेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी नीट दिसते, त्यामुळे मराठी गेमची सुरुवात तिथून करावी हे बरं. मराठीत खेळायला मिळणारे चांगले गेम इतके थोडे आहेत की आज केलेला एक नेटका छोटा गेमही उठून दिसेल.

पहिला गेम लहान असावा. दहा मिनिटांत संपणारा. नवशिके हमखास अफाट जग, शंभर शस्त्रं, हजार खेळाडू असा बेत आखतात आणि दोन महिन्यांत थकतात. याला उतारा म्हणजे गेम जॅम. ठरावीक तासांत, दिलेल्या विषयावर गेम पुरा करायचा. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दरवर्षी जानेवारीच्या सुमारास होतो, लुडम डेअर त्याहून जुना आहे. घरी बसून भाग घेता येतो. वेळ संपत आली की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवावंच लागतं, आणि टाकता येणं हे या कामातलं अर्धं कसब आहे.

नोकरीचं चित्र रंगवून सांगणार नाही. डिझायनरच्या पहिल्या पायरीवरच्या जागा थोड्या असतात. बरेच जण टेस्टर म्हणून आत शिरतात, दिवसभर एकच टप्पा शेकडो वेळा खेळून चुका नोंदवतात आणि तिथून वर सरकतात. गेम बाजारात यायच्या आधीचे आठवडे रात्री उशिरापर्यंत कामाचे असतात. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी हजारो माणसं कमी केली. कामाची कागदपत्रं इंग्रजीत असतात, तेव्हा नियम स्पष्ट, छोट्या वाक्यांत इंग्रजीत लिहिता येणं गरजेचं आहे. मराठी माध्यमातल्या मुलांनी याला घाबरू नये. तिथे भाषेचा डौल नको असतो, नेमकेपणा हवा असतो.

पालकांची सर्वात मोठी शंका पैशांच्या खेळांबद्दल असते, आणि ती योग्य आहे. रमीच्या ॲपवर बुडालेली घरं मराठवाड्याने पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पर्धा आणि साध्या गेमना त्याच कायद्याने मान्यता दिली. बंदी येताच त्या ॲपवर काम करणाऱ्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात डिझायनरही होते. पण पैसे न लावताही माणसाला अडकवता येतं. रोज आलं नाही तर बक्षीस बुडेल, आता पाच रुपये भरले नाहीत तर संधी जाईल, अशा युक्त्या कुणीतरी रचलेल्याच असतात. हा नियम खेळणाऱ्याला आनंद देतो की फक्त त्याचा वेळ आणि खिसा ओरबाडतो, हे रचताना स्वतः डिझायनरला नेमकं ठाऊक असतं. तरुण डिझायनरने नोकरी घेण्याआधी त्या कंपनीचा गेम आठवडाभर खेळावा आणि मग ठरवावं.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेपेक्षा पोर्टफोलिओ महत्त्वाचा ठरतो. दोन-तीन पुरे झालेले छोटे गेम पुष्कळ झाले, त्यातला एखादा कागदावरचा असला तरी चालतो. सोबत प्लेटेस्टची वही न्यावी: कोणत्या तारखेला कुणाला खेळवलं, तो कुठे अडला, कुठे हसला, कुठे पट सोडून उठला, त्यानंतर कोणता नियम बदलला आणि पुढच्या वेळी काय झालं. दोन फाशांच्या साप-शिडीचीच अशी नोंद असली तरी समोरचा डिझायनर ती शेवटच्या पानापर्यंत वाचेल, आणि मग विचारेल, "छत्तीस घरांवर का थांबलात, तीस का नाही केलीत?"